बडोद्यातली सात जपानी हॉटेलं

सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मोरिता-सान माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी सात कागद माझ्यासमोर ठेवले. कडा जुळवल्या. मग परत जुळवल्या.

“माधवी-सान, इन्स्पेक्शन कम्प्लीट,” असं म्हणून ते किंचित वाकले आणि शॉपफ्लोअरवर, म्हणजे मशीनांकडे, निघून गेले.

कागद आमच्याच इन्स्पेक्शन रिपोर्टचे होते. आमच्या कारखान्यात गाड्यांच्या स्टिअरिंगला लागणारी रबरी सीलं बनतात. मालाची पेटी बाहेर पडण्याआधी हा कागद भरतात. पहिल्या रकान्यात काय तपासलं, दुसऱ्यात कसं असायला हवं, तिसऱ्यात प्रत्यक्षात कसं आहे आणि चौथ्यात निकाल. निकाल दोनच असतात, ओके किंवा एनजी. एनजी म्हणजे नॉट गुड. जपानी माणसं कागदावर ‘भंगार’ वगैरे लिहीत नाहीत. एनजी लिहितात आणि पुढे जातात.

मी पहिला कागद वाचला. पार्टच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘जपानी रेस्टॉरंट क्रमांक १’.

आता मागचं सांगायला हवं. मी या कंपनीत ॲडमिन मॅनेजर आहे. ॲडमिन म्हणजे ज्या कामाला दुसरं खातं नाही ते सगळं. बस, कॅन्टीन, गेटपास, पाहुण्यांची राहण्याची सोय. मोरिता-सान (सान म्हणजे आपलं ‘जी’) आमच्या जपानी पार्टनर कंपनीचे इंजिनियर. वय पंचावन्नच्या पुढे, एकटेच आलेले. नवी प्रॉडक्शन लाइन बसवून ती चालू करून देणं हे त्यांचं काम. ते येण्याआधी हेड ऑफिसचा मेल आला होता की परदेशी माणसाला वेलकम किट द्यायचं, त्यात डॉक्टर, बँक, वाणसामान आणि ‘शहरातली आवडती जपानी रेस्टॉरंटं’ अशा याद्या असाव्यात.

आवडती कोणाची, ते मेलमध्ये नव्हतं. मी इंटरनेट उघडलं, बडोदा आणि जपानी असे दोन शब्द टाकले आणि जी सात नावं आली ती उतरवली. शेजारी स्टार दिले. तेही तिथलेच. खाली ‘प्रिपेअर्ड बाय’ असं असतं, म्हणजे कागद कोणी तयार केला. तिथे माझी सही केली. चाळीस मिनिटांचं काम होतं. मला ते चांगलं झाल्यासारखं वाटलं होतं.

मोरिता-सानना किट दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. आणि कंपनीने लेखी दिलेली यादी आहे म्हणजे ती तपासायची, असं धरून ते सात शनिवार एकेका हॉटेलात गेले. क्रमाने.

आता ते कागद.

क्रमांक एक, अलकापुरीतलं मोठं हॉटेल. ‘जपानी पदार्थ फक्त शुक्रवारी. आज शनिवार. चायनीज खाल्लं. एनजी.’

क्रमांक दोन, गोत्रीतला कॅफे. ‘भात लांब दाण्याचा. आत पनीर. वर पिवळी कुरकुरीत वस्तू, बारीक, शेवयांसारखी. नाव विचारलं. सेव. एनजी.’

क्रमांक तीन, हरणी. नावात टोकियो होतं. ‘स्टँडर्ड: जपानी जेवण. ॲक्चुअल: केस कापले. निकाल: एनजी. रिमार्क: केस चांगले कापले.’

क्रमांक चार, वासणा रोड. ही क्लाउड किचन निघाली. क्लाउड किचन म्हणजे नुसतं स्वयंपाकघर. ऑर्डर फोनवर घेतात, डबा घरी पाठवतात, बसायला जागा नसते. मोरिता-साननी लिहिलं होतं, ‘एका सद्गृहस्थांनी प्लास्टिकची खुर्ची दिली. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बसून जेवलो. स्कूटर काढायची असल्याने खुर्ची दोनदा हलवली. एनजी.’

पाच नंबर समा भागातलं सिझलरचं दुकान होतं. ‘धूर फार.’ सहा नंबरचं बंद होऊन तिथे डोशाचं झालं होतं. ‘डोसा चांगला. यादीशी संबंध नाही.’ सातव्या कागदावर मात्र एवढंच होतं, ‘दाराला कुलूप. पन्नास मिनिटं थांबलो. पुन्हा तपासणे.’

प्रत्येक कागदाच्या तळाशी एक रकाना होता, ‘सप्लायर’. सातही ठिकाणी माझं नाव.

मी ड्रायव्हर रमणभाईंना बोलावलं. सातही शनिवारी गाडी त्यांनीच नेली होती. गडी अख्खं बडोदं ओळखतो.

“रमणभाई, ते हरणीचं सलून आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“हा मॅडम. मारो साळो त्यां ज जाय छे.”

“तुमचा मेहुणा तिथे जातो, मग साहेबांना सांगायचं नाही?”

“साहेबे पूछ्युं नहीं. मने एम के वाळ कपाववा हशे.”

साहेबांना केस कापायचे असतील, असं त्यांना वाटलं होतं. त्यांना दिलेल्या कागदावरचा पत्ता बरोबर होता. तिथे नेऊन सोडणं हे त्यांचं काम होतं, ते त्यांनी केलं होतं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच आठवड्यात आमचे प्लांट हेड कमलेशभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचं बोलणं गुजराती, हिंदी असं मिसळून चालतं, इथे मराठीत लिहिते.

“माधवीबेन, मोरिता-सान रिपोर्ट लिहिणार आहेत. लिव्हिंग कंडिशनचा. जपानी माणूस इथे राहू शकतो की नाही. तीन आठवड्यांत टोकियोला जाईल.”

“त्याने काय होईल?”

“दुसरी लाइन. आपल्याकडे बसवायची की दक्षिणेतल्या प्लांटला, ते अजून ठरलेलं नाही. लाइनबरोबर तीन इंजिनियर दोन वर्षं राहायला येतील. माणसं राहायला तयार नसतील तर लाइन येणार नाही.”

दुसऱ्या लाइनसाठी शेड बांधून तयार होती आणि चाळीस ऑपरेटर ट्रेनिंगला घेतलेले होते. त्यांच्या मुलाखती मीच घेतल्या होत्या. निम्मे डभोईकडून आमच्या बसने येतात. लाइन आली तर पर्मनंट, नाही आली तर ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि नमस्कार. हे त्यांना मी तोंडाने सांगितलं होतं. त्यातल्या कितीतरी जणांच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं दुसरं कोणी नाही.

मला ते घर कळतं. माझे वडील रेल्वेत फिटर होते, आई चौथीपर्यंत शिकलेली. आमच्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.कॉम. केलं, मग नोकरी करता करता मास्टर्स केलं. पहिल्या नोकरीत पहिल्यांदा ‘प्रिपेअर्ड बाय’ खाली सही केली तो कागद वडिलांनी झेरॉक्स काढून घरी ठेवला होता. कॅन्टीनमधल्या स्टीलच्या ग्लासांची यादी होती ती. पण ग्लास मी मोजले होते.

मी सातही कागद कमलेशभाईंच्या पुढे ठेवले. त्यांनी वाचले. हरणीच्या कागदाशी जरा थांबले.

“पण हे काही बोललेच नाहीत सात आठवडे.”

“लिहीत होते.”

“आता?”

“व्हाय-व्हाय करते,” मी म्हणाले.

व्हाय-व्हाय म्हणजे जपानी कारखान्यातलं प्रायश्चित्त. माल खराब गेला की सप्लायरने पाचदा ‘का’ विचारून खरं कारण शोधायचं आणि लिहून द्यायचं. आमच्याकडे सील फाटलं की करतात. हॉटेलांच्या यादीसाठी कोणी केल्याचं ऐकलं नव्हतं, पण सप्लायर म्हणून माझंच नाव होतं, त्यामुळे बसले.

यादी चुकीची का गेली? नावं न तपासता घेतली. का? तपासायची गरज वाटली नाही. का? कोणी खरंच जाईल असं वाटलं नव्हतं. का? वेलकम किट ऑडिटमध्ये दाखवायला करतात, वापरायला नाही. का? आधीच्या पाहुण्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि आपण कधी विचारलं नाही.

पाचव्या ‘का’पर्यंत जायला मला दुपार लागली. कागद मोरिता-सानना दिला. त्यांनी तो उभ्यानेच पूर्ण वाचला.

“काउंटरमेजर?” म्हणजे पुढे काय करणार.

“मी स्वतः सगळीकडे जाऊन जेवते. मग नवी यादी देते.”

“माधवी-सान, जपानी जेवण जेवलात कधी?”

“नाही.”

“मग ओके कसं ठरवणार?”

प्रश्न बरोबर होता. आमच्या क्वालिटी लॅबमध्ये काचेच्या कपाटात एक सील ठेवलेलं असतं. त्याला मास्टर सॅम्पल म्हणतात. दोन्ही कंपन्यांनी हे बरोबर म्हणून मान्य केलेला तुकडा. शंका आली की नवा माल त्याच्याशी ताडून बघतात. मास्टर सॅम्पल नसेल तर इन्स्पेक्टरचं मत म्हणजे नुसत्या गप्पा.

“मग मास्टर सॅम्पल द्या,” मी म्हणाले.

मोरिता-साननी माझ्या कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली. मला वाटलं, फार झालं. मग ते म्हणाले, “रविवार. बारा वाजता. मिस्टर संजय पण.”

संजय माझा नवरा. तो केमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, कारखान्यातल्या माणसांचे हट्ट त्याला माहीत आहेत. तरी रविवारी कोणाच्या घरी भात तपासायला जायचं, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

मोरिता-सानचा फ्लॅट समाच्या एका सोसायटीत आहे. कंपनीनेच घेतलेला, म्हणजे मीच घेतलेला. बारा वाजता बेल वाजवली. ते एप्रन घालून दारात उभे होते. टेबलावर तीन जणांचं जेवण मांडलं होतं. एका वाटीत भात, एका वाटीत पातळ सूप, एका बशीत मुळ्याचं लोणचं. भाजी नव्हती. डाळ नव्हती. तांदूळ त्यांनी जपानहून येताना आणलेला होता आणि तो संपत आला होता, हे मला पिशवीकडे बघून कळलं. तळाशी दोन-तीन वाट्या उरल्या असतील. त्यातला त्यांनी आमच्यासाठी शिजवला होता.

“हा भात. मास्टर सॅम्पल. प्लीज.”

आम्ही खाल्ला. दाणा आखूड, चकचकीत, एकमेकांना धरलेला, पण चिकट गोळा नाही. वर काही नाही. तूपही नाही.

संजय दुसऱ्या घासाला मला मराठीत म्हणाला, “मीठ विसरले वाटतं.”

“अहो, हळू.”

“काय म्हणाले?” मोरिता-साननी विचारलं.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. त्याच सवयीने तर इथवर आलो होतो. “म्हणतात, मीठ नाही.”

“येस. नो सॉल्ट,” मोरिता-सान म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. “करेक्ट. मिस्टर संजयची जीभ चांगली आहे.”

संजयने त्या दिवसापासून या कामात माझ्यापेक्षा जास्त लक्ष घातलं.

मोरिता-साननी समजावलं ते असं. मासा, सॉस, सजावट नंतर बघायची. आधी भात. तो घास उचलताना सुटायला नको आणि तोंडात गेल्यावर सुटायला हवा. ज्याला भात जमत नाही त्याचं बाकीचं तपासून वेळ घालवू नका. मला हे लगेच पटलं. आमच्या घरीही वरणभात बिघडला तर पंगतीत श्रीखंडाचं कोणी नाव काढत नाही.

पुढचे दोन आठवडे आम्ही हिंडलो. गोत्रीच्या कॅफेत मालक स्वतः टेबलाशी आला. गोरापान, हसतमुख माणूस.

“बेन, केवुं लाग्युं?”

“हा भात बासमती आहे का?”

“एकदम प्रीमियम.”

“आणि वर शेव?”

“ए तो बरोडानो टेस्ट छे. सेव वगर कोण खाय?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आजूबाजूला सगळी टेबलं भरलेली होती आणि शेव सगळ्यांच्याच ताटात होती. संजयने दुसरी प्लेट मागवली. त्याला आवडलं होतं. मी लिहिलं, ‘भात एनजी. पदार्थ म्हणून चांगला. जपानी म्हणून नाही.’

शुक्रवारी अलकापुरीच्या हॉटेलात गेलो. भात बरा होता, पण फ्रीजमधून काढलेला, मधोमध कडक. मोरिता-सानना शनिवारी वर्णन सांगितलं. ते म्हणाले, “कंडिशनल.” म्हणजे अटीवर चालेल. आमच्याकडे एखादं सील किंचित कमी-जास्त असलं आणि काम अडलेलं असलं की तसं घेतात. लिहिलं, ‘फक्त शुक्रवारी, संध्याकाळी लवकर गेल्यास.’

राहिलं सात नंबर, कुलूपवालं. एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर, ट्यूशन क्लास आणि दातांच्या डॉक्टरच्या मधे. या वेळी दार उघडं होतं. आठ खुर्च्या. चालवणारा तमांग नावाचा माणूस, दार्जिलिंगकडचा. दिल्लीला एका जपानी आचाऱ्याच्या हाताखाली बरीच वर्षं काढलेला. बायको बडोद्याच्या हॉस्पिटलात नर्स, म्हणून इथे आलेला.

“जैन या रेग्युलर?” त्याने मेनू द्यायच्या आधी विचारलं.

“आधी भात,” संजय म्हणाला.

“सिर्फ चावल?”

“सिर्फ चावल.”

तमांगने आमच्याकडे नीट पाहिलं. मग आत गेला आणि एका लहान वाटीत भात घेऊन आला. आम्ही खाल्ला. संजयने मान हलवली. “मीठ नाही,” तो समाधानाने म्हणाला.

मग मासा मागवला. आमच्या घरात मासा चालतो, पण रवा लावून तळलेला. हा कच्चा होता. थंड होता, मऊ होता. मला आवडला असं म्हणणार नाही, पण वासही नव्हता आणि दोषही सापडला नाही. तमांग म्हणाला की मासा मुंबईहून गुरुवारी येतो, त्यामुळे तो शुक्रवार-शनिवारच देतो. एकदा गुरुवारची गाडी आली नाही, म्हणून त्या शनिवारी कुलूप लावलं होतं.

“एक जपानी साहब आके बैठे थे नीचे, वॉचमन ने बोला. मुझे बहुत बुरा लगा,” तो म्हणाला.

नवी यादी तयार झाली. ओके एक. कंडिशनल एक. बाकी पाच काढून टाकली, कारणांसह. मी ती घेऊन कमलेशभाईंकडे गेले. दोन-तीन दिवसांत मोरिता-सानचा रिपोर्ट जाणार होता आणि त्याला ही यादी जोडायची होती.

“एकच?” कमलेशभाई म्हणाले.

“दीड म्हणा.”

“माधवीबेन, वीस लाख वस्तीचं शहर आणि एक हॉटेल? टोकियोवाले काय म्हणतील? दक्षिणेवाल्यांनी चौदा नावं दिली आहेत, मला कळलंय.”

“त्यांच्याकडे असतील.”

“आपल्याकडेही पाच-सहा होती ना. गोत्रीचं काय वाईट आहे? माझी मुलगी तिथे दर आठवड्याला जाते.”

“शेव आहे साहेब.”

“शेव काढायला सांगू.”

“भात बासमती आहे.”

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. “हे बघा. चाळीस जणांच्या नोकऱ्या आहेत. तुम्हीच घेतलेत त्यांना. एका यादीसाठी ते घरी बसणार का? चार नावं वाढवा, एवढंच सांगतोय.”

हे मी स्वतःलाही विचारलं होतं. दोन रात्री झोप नीट लागली नव्हती. बसमधून उतरणारी ती माणसं मला रोज सकाळी गेटवर नमस्कार करत होती. चार नावं लिहायला एक मिनिट लागलं असतं. पण एकदा लिहिली होती, आणि काय झालं ते सात कागदांवर होतं.

“वाढवते,” मी म्हणाले. “प्रिपेअर्ड बाय खाली तुमचं नाव टाकते.”

मग त्यांनी पेन उचललं, ‘अप्रूव्ह्ड बाय’च्या पुढे सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“लाइन गेली तर मी तुमच्याशी बोलणार नाही,” ते म्हणाले.

“चालेल.”

मोरिता-सानचा रिपोर्ट गेला. त्याची इंग्रजी प्रत आम्हाला आली. घर ओके. वीज ओके. पाणी ओके, उकळून. हॉस्पिटल ओके. जेवण एनजी. कमलेशभाईंनी तेवढी एकच ओळ वाचली आणि खरोखरच दोन आठवडे माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले. केबिनमधलं अंतर वीस फूट आहे. मी मोरिता-सानना काही विचारलं नाही. एनजी होतंच. मीच तपासलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मोरिता-सानच टेबलापाशी आले.

“टोकियोने फोन केले,” ते म्हणाले.

“कोणाला?”

“रेस्टॉरंटना.”

झालं असं होतं. हेड ऑफिसातल्या जनरल अफेअर्स खात्याने, म्हणजे तिथल्या माझ्यासारख्याच कोणीतरी, दोन्ही प्लांटच्या यादीतल्या प्रत्येक नंबरवर फोन लावला. आमच्या यादीतले दोनच होते. अलकापुरीवाल्यांनी शुक्रवार सांगितला. तमांगने मासा गुरुवारी येतो ते सांगितलं, आणि तेही जपानीत, त्याला कामापुरती येत होती. यादीत लिहिलं होतं ते आणि त्यांनी सांगितलं ते जुळलं. दक्षिणेच्या यादीतल्या चौदांपैकी पाच जागी कोणी उचललं नाही आणि एक फर्निचरचं दुकान निघालं. मग त्या खात्याने ठरवलं की यादी अशी असेल तर त्या प्लांटच्या रिपोर्टातलं बाकीचंही तपासावं. विजेचे तास तपासले. ते कागदावर होते तेवढे भरले नाहीत. रबराच्या मोल्डिंगला मधेच वीज गेली तर साच्यातला सगळा माल टाकावा लागतो. जेवण एनजी असेल तर घरी शिजवता येतं, वीज एनजी असेल तर काही करता येत नाही.

दुसरी लाइन बडोद्याला आली. चाळीसपैकी सदतीस जण पर्मनंट झाले. दोघांनी आधीच दुसरीकडे नोकरी धरली होती आणि एक मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली. कमलेशभाईंनी केबिनमधून हाक मारली, “माधवीबेन, चा पीशो?” मी गेले. यादीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

लाइनबरोबर हेड ऑफिसच्या अटींचा कागद आला. इंजिनियरांना स्वयंपाकघर असलेले फ्लॅट द्यावेत. तांदूळ मुंबईहून मागवण्याची व्यवस्था करावी. आणि रेस्टॉरंटची यादी दर तीन महिन्यांनी सुधारावी, ‘प्रिपेअर्ड बाय’ या व्यक्तीने प्रत्यक्ष जाऊन. ती व्यक्ती बदलायची असेल तर लेखी कळवावं.

आत्तापर्यंत पाच वेळा सुधारली. ओके अजून एकच आहे. गोत्रीच्या मालकाने मध्यंतरी तांदूळ बदलला होता, पण गिऱ्हाईक कुरकुरलं म्हणून परत बासमतीवर आला. ते मी नोंदवलं आहे. कच्चा मासा मला अजूनही विशेष आवडत नाही. दर तिमाहीला खाते.

नव्या मुलांना ट्रेनिंग देताना मी एवढंच सांगते: सही करायच्या आधी तिथे जाऊन या. आवडलंच पाहिजे, अशी काही अट नाही.